मोजमापाच्या हिशेबालाही प्रमाण हवे

शिरूर–चौफुला रस्त्यावरील न्हावरे हे गाव शिरूर तालुक्यातून दौंड तालुक्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे या गावाचे नाव जिल्ह्याबाहेर पोहोचले. परंतु उसाचा पैसा वर्षाकाठी येतो आणि घरखर्च रोजचा असतो. तो भागविण्यासाठी अशा गावांतील शेतकऱ्याला गोठ्याचा आधार असतो. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन संकलन केंद्रावर जावे, दूध काट्यावर ओतावे, नमुना यंत्राला लावावा आणि हाती पडलेली चिठ्ठी खिशात घालून परतावे, हा या घरांचा नित्यक्रम होय. दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो, तो या चिठ्ठ्यांवरून.

चिठ्ठीवर वजन, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम असे आकडे असतात. ते सारे यंत्राने मोजले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. त्यांतील काही आकडे मोजलेले असतात, तर काही मोजलेल्या आकड्यांवरून हिशेबाने काढलेले असतात. काटा बरोबर असला तरी हिशेब चुकू शकतो. किंबहुना हिशेब बिनचूक असूनही उत्पादकाचे नुकसान होऊ शकते. हे कसे घडते आणि त्यावर जगातील मापनशास्त्रज्ञांनी कोणता उपाय योजला आहे, हे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी समजून घेण्यासारखे आहे.

एक दूध, दोन उत्तरे

एसएनएफ म्हणजे दुधातील स्निग्धांश सोडून उरणारे घनपदार्थ. प्रयोगशाळेत ते दूध आटवून, सुकवून व वजन करून ठरविता येतात. परंतु संकलन केंद्रावर रोज शेकडो नमुन्यांसाठी हा मार्ग परवडणारा नाही. म्हणून लॅक्टोमीटरने दुधाची डिग्री पाहतात, फॅट वेगळे काढतात आणि या दोहोंवरून सूत्राने एसएनएफ काढतात. या सूत्राचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रिचमंड यांनी घातला. डिग्रीचा चौथा भाग घ्यावा, त्यात फॅटची ०.२ पट मिळवावी आणि शेवटी ०.१४ हा स्थिरांक मिळवावा, असे ते सूत्र आहे. भारतात फॅटची ०.२५ पट आणि ०.४४ हा स्थिरांक घेण्याचीही रीत रूढ आहे. याखेरीज आणखी काही स्थिरांक प्रचारात आहेत.

समजा, एका गायीच्या दुधाची दुरुस्त डिग्री २८ आणि फॅट ४.० आली. रिचमंड यांच्या मूळ सूत्राने एसएनएफ ७ अधिक ०.८० अधिक ०.१४, म्हणजे ७.९४ येते. दुसऱ्या सूत्राने ते ७ अधिक १.०० अधिक ०.४४, म्हणजे ८.४४ येते. दूध तेच, नमुना तोच, बेरीजही दोन्हीकडे बरोबर; तरीही फरक अर्ध्या टक्क्याचा. अन्नसुरक्षा मानकांनुसार गायीच्या दुधात किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ असावे लागते. म्हणजे एका सूत्राने हे दूध मानकास उतरते आणि दुसऱ्या सूत्राने उतरत नाही. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर सामान्यतः ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरून बांधला जातो व एसएनएफ घटले की दर उतरतो. तेव्हा सूत्रातील एक स्थिरांक हा थेट पगाराचा प्रश्न ठरतो.

यातील एक सूत्र खरे व दुसरे खोटे, असे मात्र समजू नये. लॅक्टोमीटर कोणत्या तापमानासाठी बनविला आहे, दूध गायीचे आहे की म्हशीचे, जनावराची जात कोणती, यांनुसार स्थिरांक बदलतात. एका लॅक्टोमीटरसाठी ठरविलेले सूत्र दुसऱ्यासाठी वापरले की घोटाळा होतो. संकलन केंद्रावरील मिल्कोमीटरमध्ये माणूस डिग्री पाहत नाही; दुधातून जाणाऱ्या ध्वनिलहरींवरून यंत्रच आकडे काढते. परंतु तेथेही मोजमाप आणि उत्तर यांच्या मध्ये सूत्र असतेच. फरक इतकाच की, ते यंत्राच्या पोटात दडलेले असते.

तीच गोष्ट आकडे तोडण्याची. २९ डिग्री व ३.२ फॅट असलेल्या दुधाचे एसएनएफ दुसऱ्या सूत्राने ८.४९ येते. जवळच्या अंकाकडे नेल्यास चिठ्ठीवर ८.५ उमटेल, पुढचा अंक नुसता तोडून टाकल्यास ८.४ उमटेल. वजनाचा काटा शंभर ग्रॅमखालील भाग सोडून देत असेल, तर प्रत्येक वेळी सरासरी पन्नास ग्रॅम दूध हिशेबाबाहेर राहील. दिवसातून दोन वेळा याप्रमाणे महिन्याच्या साठ मापांत हे दूध सुमारे तीन किलो होते.

कारखान्यांनाही हाच अनुभव

हा प्रश्न केवळ दूध केंद्राचा नाही. न्हावरे ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील रांजणगाव येथे औद्योगिक वसाहत आहे. वाहनांचे भाग बनविणाऱ्या उद्योगांत एखादे छिद्र खरोखर गोल आहे का, हे पाहण्यासाठी निर्देशांक मापन यंत्र वापरतात. हे यंत्र वर्तुळ मोजत नाही. ते छिद्राच्या कडेवरील काही बिंदूंच्या जागा मोजते आणि त्या बिंदूंना सर्वांत जवळून जाणारे वर्तुळ त्यातील संगणक हिशेबाने काढतो. वर्षानुवर्षे यंत्राच्या अचूकतेची काळजी घेतली गेली. हिशेबाकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. तेच बिंदू निरनिराळ्या संगणक प्रणालींना दिल्यास उत्तरे निरनिराळी येतात, हे १९८०च्या दशकात ध्यानात आले. १९८८ मध्ये अमेरिकेत शासन व उद्योग यांच्या माहिती-विनिमय यंत्रणेने याविषयी सावधगिरीची सूचना काढली. जर्मनीची राष्ट्रीय मापन संस्था पीटीबी हिने अशा प्रणालींची परीक्षा घेण्याचे काम हाती घेतले आणि २००१ मध्ये त्या परीक्षेसाठी आयएसओ १०३६०चा सहावा भाग प्रसिद्ध झाला.

त्यापूर्वी १९६७ मध्ये अमेरिकेतील लाँगली या संशोधकाने संख्याशास्त्रीय हिशेबाच्या अनेक संगणक प्रणाली तपासून त्यांच्या उत्तरांत मोठी तफावत असल्याचे दाखविले होते. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, उत्तरे आधीच अतिशय काटेकोरपणे काढून ठेवलेली प्रमाण आकडेवारी ऑनलाइन खुली केली. आपली प्रणाली बरोबर आहे की नाही, हे त्यावरून कोणालाही ताडून पाहता येऊ लागले.

गणन-उद्दिष्टांचा संग्रह

याच वाटेवरील पुढचे पाऊल म्हणजे युरोपीय मापनशास्त्र संशोधन कार्यक्रमातील ‘ट्रेसिम’ हा प्रकल्प. तो २०१२ ते २०१५ या काळात पार पडला. ब्रिटनमधील टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा व जर्मनीची पीटीबी यांच्यासह अनेक संस्थांचा त्यात सहभाग होता. ज्याप्रमाणे गावच्या काट्याचे वजन क्रमाक्रमाने राष्ट्रीय प्रमाणापर्यंत जोडलेले असते, त्याप्रमाणे हिशेबही एखाद्या मान्य प्रमाणाशी जोडलेला असावा, हा या प्रकल्पाचा विचार होता.

त्यासाठी प्रथम हिशेब म्हणजे नेमके काय करावयाचे, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहून ठेवणे आवश्यक होते. अशा लेखी विधानास ‘गणन-उद्दिष्ट’ म्हणता येईल. ब्रिटिश प्रयोगशाळेने अशा उद्दिष्टांचा ऑनलाइन नोंदसंग्रह तयार केला. नोंदीत हिशेबाचे नाव, त्याचा ओळखक्रमांक, गणिताचे क्षेत्र, आत जाणाऱ्या राशी व बाहेर येणाऱ्या राशी, त्यांना जोडणारे गणिती सूत्र, त्या हिशेबाचे गुणधर्म आणि नोंदीत वेळोवेळी झालेले बदल अशी निरनिराळी कलमे ठेवलेली असतात. हिशेब कोणत्या रीतीने करावा, हे ती सांगत नाही. कोणते उत्तर अपेक्षित आहे, हे सांगते. रीत कोणतीही असो, उत्तर त्या विधानाशी जुळले पाहिजे.

अशा संग्रहाचा उपयोग करणाराने प्रथम आपल्या कामाचा हिशेब शोधून त्याची नोंद पूर्ण वाचावी. आपल्या राशी, त्यांची एकके व गृहीते नोंदीतल्याप्रमाणेच आहेत का, ते पाहावे. त्यानंतर तपासणीची आकडेवारी आपल्या प्रणालीस देऊन आलेले उत्तर प्रमाण उत्तराशी ताडावे. ही आकडेवारी बनविण्याची युक्ती मार्मिक आहे. आधी उत्तर ठरवितात आणि मग तेच उत्तर यावे असे आकडे रचतात. शिक्षक प्रश्नपत्रिका काढताना उत्तर मनाशी धरून गणित रचतात, त्यातलाच हा प्रकार आहे. प्रयोगशाळांसाठी असलेल्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाच्या २०१७च्या आवृत्तीतही संगणक प्रणाली वापरात आणण्यापूर्वी तिची योग्यता पडताळून घेणे आवश्यक ठरविले आहे.

गावासाठी एक नमुना नोंद

दुधाच्या एसएनएफचे सूत्र या संग्रहात शोधण्याचे कारण नाही. तो उच्च दर्जाच्या मापनासाठी आहे. गावाने त्यातून घ्यावयाची ती नोंद लिहिण्याची शिस्त. ती दूध केंद्रास लावली तर एक फलक पुढीलप्रमाणे तयार होईल :

हिशेबाचे नाव : दुधातील एसएनएफ.
आत जाणाऱ्या राशी : तापमानानुसार दुरुस्त केलेली डिग्री, फॅट, टक्के.
बाहेर येणारी राशी : एसएनएफ, टक्के.
सूत्र : डिग्री भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२५, अधिक ०.४४ (केंद्राचे सूत्र वेगळे असल्यास ते लिहावे).
कशासाठी लागू : दुधाचा प्रकार व लॅक्टोमीटरचे तापमान.
अंक : एका दशांश स्थळापर्यंत, जवळच्या अंकाकडे.
तपासणीच्या जोड्या : डिग्री २८, फॅट ४.० असता ८.४, डिग्री २९, फॅट ३.२ असता ८.५, डिग्री २७, फॅट ६.० असता ८.७.

दुसरी जोडी मुद्दाम निवडलेली आहे. तेथे ८.४ असे उत्तर आले, तर यंत्रणा अंक जवळच्याकडे नेत नसून तोडत आहे, हे लगेच उघड होईल. वजनासाठीही असाच फलक करता येईल. एक लिटर दुधाचे वजन सुमारे १.०३ किलो भरते. म्हणजे दहा किलो दूध सुमारे ९.७१ लिटर होते. दर किलोवर आहे की लिटरवर आणि रूपांतर कोणत्या आकड्याने केले, हे लिहिलेले असले म्हणजे वादाला जागा राहत नाही.

प्रत्येकाचा वाटा

वैधमापन कायदा २००९ नुसार व्यापारात वापरल्या जाणाऱ्या वजन-मापांची पडताळणी करून त्यांवर मुद्रांकन केले जाते. राज्यात हे काम वैधमापन शास्त्र यंत्रणा करते. काट्यावरील शिक्का वजनाची ग्वाही देतो. त्या वजनावर पुढे होणाऱ्या प्रत्येक हिशेबाची ग्वाही त्यात नसते. ती उणीव लेखी सूत्राने भरून निघू शकते. यास्तव ग्रामसभेत संकलन केंद्रचालकांशी सामोपचाराने बोलून असा फलक लावून घेणे हे पंचायत सदस्यांना सहज करण्याजोगे आहे. त्यात केंद्रचालकाचेही हित आहे. संशयाचे उत्तर त्याला भिंतीकडे बोट दाखवून देता येईल.

शाळांना यात शिकविण्यासारखे पुष्कळ आहे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याने घरची चिठ्ठी आणावी, फलकावरील सूत्रात डिग्री व फॅट घालावे आणि चिठ्ठीवरील एसएनएफशी ताडून पाहावे. दशांश अपूर्णांकांचा याहून जिवंत पाठ मिळणे कठीण. अधिकाऱ्यांनीही तक्रारीच्या चौकशीत काट्याबरोबरच सूत्र, स्थिरांक आणि अंक तोडण्याची रीत या तीन गोष्टी विचाराव्यात.

पूर्वी माप शिगेला लावून भरले जाई आणि ते सर्वांच्या डोळ्यांदेखत भरले जाई. आज मापाचा मोठा भाग यंत्राच्या आत गेला आहे. त्याला पुन्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर आणावयाचे, तर हिशेब लिहून ठेवणे हाच त्याचा मार्ग आहे. टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेला जे आवश्यक वाटले, ते न्हावऱ्याच्या दूध उत्पादकालाही तितकेच आवश्यक आहे. आणि त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे एक फळा, एक खडू आणि बेरीज-गुणाकार जाणणारा एक विद्यार्थी.