थोड्या पैशांत मिक्सर

मिक्सर म्हटला की आपल्याला चटणी वाटायचे यंत्र आठवते. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मायलाही तेच आठवले. “बारा हजारांचा मिक्सर? एवढी कशाची चटणी वाटतोस रं?” असे ती म्हणाली. आम्हांला हसू आले. पण बारा हजार हा आकडा हसण्यासारखा नव्हता.

हे घर बीड जिल्ह्यातले. मायबाप दरसाल ऊसतोडीला जातात. पोरगाही दोन हंगाम गेला. चैत्रात परत आला तेव्हा मुकादमाची उचल फिटून हाती बारा हजार उरले होते. त्याला लग्नकार्यात गाणी वाजवण्याचा धंदा करायचा होता. गावच्या मंडपवाल्याकडे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर होते. वाजवणारा माणूस नव्हता. “मिक्सर तू आण, मग भागीत करू,” असे मंडपवाला म्हणाला. पोरगा आमच्याकडे आला. “गुर्जी, तुमी संगं चला. मला दुकानदार गुंडाळंल.”

गुंडाळले जाणे म्हणजे काय ते आम्हांला ठाऊक आहे. शाळेत असताना आम्ही लोकवर्गणी काढून 26 जानेवारीसाठी ध्वनिक्षेपकाचा संच आणला होता. दिवे पुष्कळ, बटणे पुष्कळ, म्हणून घेतला. झेंडावंदनाला त्यातून भाषणापेक्षा घरघरच जास्त आली. विकणाऱ्याने पुन्हा दारात उभे केले नाही. तेव्हापासून आम्ही तालुक्याच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे बसून थोडेफार शिकलो. तेच येथे सांगतो.

आधी मिक्सर करतो काय ते पाहू. शेतात दोन पाट येऊन एका दांडाला मिळतात. प्रत्येक पाटाला दार असते. हे दार उचलले की या पाटाचे पाणी, ते उचलले की त्या पाटाचे. दोन्ही अर्धी उचलली तर दोन्हींचे पाणी मिसळून पुढे जाते. मिक्सरमध्ये पाण्याऐवजी आवाज असतो. पाटाला चॅनल म्हणतात. दाराऐवजी वरखाली सरकणारी दांडी असते, तिला फेडर म्हणतात. एक गाणे संपत आले की त्याची दांडी हळूहळू खाली आणायची आणि दुसऱ्या गाण्याची वर न्यायची. मधे खंड पडत नाही, नाचणारे थांबत नाहीत. एवढेच त्याचे काम.

आवाज मोठा करणे हे मिक्सरचे काम नव्हे. ते ॲम्प्लिफायर आणि स्पीकर करतात. मिक्सर मोठा घेतला म्हणजे आवाज मोठा येईल, असे पोरांना वाटते आणि तेथेच पैसा बुडतो. जिल्ह्याच्या गावी पहिल्याच दुकानात आम्हांला चार चॅनलांचा मिक्सर दाखवला. दिव्यांच्या ओळीच ओळी. अठरा हजार, राहिलेले हप्त्याने. पोरगा त्याच्याकडे बघतच राहिला. आम्ही विचारले, “तुझ्याकडे गाणी किती ठिकाणांहून येणार?” तो म्हणाला, “दोन मोबाइलवरून.” मग चार पाट कशाला? दोन चॅनल आणि माइकाची एक वेगळी जागा असली की लग्नाचे काम भागते.

माइकाची जागा मात्र सोडू नये. आपल्याकडे लग्नात गाण्याइतकेच बोलणे असते. पाहुण्यांची नावे, आहेर, ‘जेवायला चला’. माइकाला आवाजाचे स्वतंत्र बटण हवे, नाहीतर गाणे कमी करताना भटजीही कमी होतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती म्हणजे कानाला लावायच्या हेडफोनची सोय. तिला क्यू म्हणतात. पुढचे गाणे लोकांना ऐकू न जाता फक्त आपल्या कानात वाजते. ते बरोबर जागेवर आहे, ठेका जुळतो आहे, असे पटले की मगच दांडी वर न्यायची. भाताचे शीत दाबून पाहतो, मगच पातेले उतरवतो ना? तसेच हे. क्यू नसलेला मिक्सर कितीही स्वस्त मिळाला तरी या धंद्याच्या कामाचा नाही.

या विद्येची एक गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात ब्रॉंक्स नावाचा भाग आहे. तेथील गरीब वस्तीत 11 ऑगस्ट 1973 रोजी एका बहीणभावाने आपल्या इमारतीच्या सामाईक खोलीत नाचगाण्याचा कार्यक्रम केला. बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून थोडे तिकीट लावले. भाऊ तबकड्या वाजवत होता. तो जमैकातून आलेला, कूल हर्क या नावाने पुढे प्रसिद्ध झाला. त्याच वस्तीत ग्रँडमास्टर फ्लॅश नावाचा दुसरा एक पोरगा होता. तो शाळेत विजेच्या उपकरणांचे काम शिकला होता. त्याच्या मिक्सरला क्यूची सोय नव्हती आणि सोय असलेला घ्यायला पैसा नव्हता. त्याने स्वतःच एक खटका जोडून पुढची तबकडी कानात ऐकण्याची व्यवस्था केली. पैसा नसतानाही त्याने कोणती गोष्ट सोडली नाही, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्याला मुद्दाम सांगितले.

नवा मिक्सर त्याच्या हिशेबात बसेना. म्हणून जुना पाहायचे ठरले. जुना घेताना लाजू नये. खिशात स्वतःचा मोबाइल, एक वायर आणि हेडफोन घेऊन जावे आणि विजेवर लावून वाजवून पाहावा. “बंद आहे, पण चांगला आहे,” असे कोणी म्हणाले तर रामराम करून निघावे.

मोबाइल एकेका चॅनलला लावावा. दांडी अगदी सावकाश वरखाली करावी. खरखर आली तर आत धूळ आहे किंवा पट्टी झिजली आहे. प्रत्येक बटण फिरवावे. मागच्या खोबणीत वायर जराशी हलवावी. आवाज तुटला तर आतला टाका सुटला आहे. मग हेडफोन लावून दोन्ही चॅनलांचा क्यू ऐकावा. आमच्या पोराने पाहिलेल्या पहिल्या जुन्या मिक्सरला एका चॅनलचा क्यू मुका होता. विकणारा म्हणत होता, एकानेही चालते. चालत नाही.

दोन चॅनलांच्या मधे आडवी सरकणारी एक दांडी असते, तिला क्रॉसफेडर म्हणतात. तबकडी पुढेमागे घासून कसरत करणाऱ्यांना ती फार लागते. लग्नात वाजवणाऱ्याने ती मधोमध ठेवून दिली तरी काम चालते. म्हणून एवढीच दांडी खरखरत असेल तर मिक्सर टाकून देऊ नये, भाव पाडावा. उभ्या दांड्या खरखरत असतील तर मात्र विचार करावा, कारण त्यांच्यावरच रोजचे काम आहे.

विजेचा डबाही, म्हणजे ॲडाप्टर, विसरू नये. काही लहान मिक्सरांना तो वेगळा असतो आणि कोणताही चालत नाही. मूळचा डबा सोबत मिळतो का ते पाहावे. परदेशातून आलेला माल असेल तर मागे काय छापले आहे ते वाचावे. अमेरिकेत घरची वीज 120 व्होल्ट असते, आपल्याकडे 230. फक्त तिकडच्या विजेचे यंत्र इकडे थेट लावले तर जळते. वाचता येण्याचा असाही उपयोग आहे.

मागच्या बाजूला ‘फोनो’ आणि ‘लाइन’ अशी अक्षरे असतात. फोनो ही तबकडीच्या यंत्राची जागा. तिकडून येणारी वीज व्होल्टाच्या काही हजारांश भागाइतकी असते, म्हणून ती आत पुष्कळ वाढवली जाते. मोबाइल तेथे लावला तर आवाज फाटतो. मोबाइल लाइनमध्येच लावावा.

बाहेर जाणारी जागा तीन खिळ्यांची असेल तर चांगले. तिला एक्सएलआर म्हणतात. तिच्या वायरीत तोच आवाज दोन तारांतून जातो, एकीत सरळ, दुसरीत उलटा. वाटेत घरघर शिरली तर ती दोन्ही तारांत सारखीच शिरते. पलीकडचे यंत्र दोन्हींतला फरक तेवढा घेते, म्हणून घरघर वजा होते आणि आवाज राहतो. मंडपात वायर लांबच लांब टाकावी लागते, तेथे याची किंमत कळते. आमच्या शाळेच्या संचात नेमके हेच नव्हते. चमकणारे दिवे होते!

चौथ्या ठिकाणी जमले. मिक्सर जुना, दोन चॅनलांचा, क्यू दोन्हीकडे स्वच्छ. क्रॉसफेडर तेवढा खरखरत होता. साडेआठ हजार म्हणत होते, साडेसात हजारांत आणला. हेडफोनला पंधराशे आणि वायरींना सातशे गेले. तेवीसशे उरले, ते मायच्या हाती दिले.

वाजवताना हिरवे दिवे लागू द्यावेत, पिवळा मधूनमधून. तांबडा सारखा पेटत राहिला तर आवाज फाटतो आणि स्पीकर जळू शकतो. भरपाई वाजवणाऱ्याच्या बोकांडी बसते. मोबाइल विमान-मोडवर ठेवावा. पहिल्याच हळदीला मामाचा फोन आला आणि त्याची घंटी सगळ्या गावाने ऐकली. रात्री 10 वाजता बंद करावे. 2000 सालच्या ध्वनिनियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि नवरदेवाचा काका आग्रह करतो म्हणून पोलीस मिक्सर परत देत नाहीत.

वैशाखात त्याला पाच सुपाऱ्या मिळाल्या. एका लग्नाचे पैसे अजून यायचे आहेत. मिक्सरवर मायने जुन्या लुगड्याचे झाकण शिवले आहे, धूळ जाऊ नये म्हणून. पावसाळ्यात मुकादम उचल वाटायला येईल. दोघांची घ्यायची की तिघांची, हे त्यांच्या घरात अजून ठरलेले नाही.