हार्डडिस्कची हरवलेली ओळख

गेल्या दिवाळीत आईच्या जात्यावरच्या ओव्या आणि कन्नड बीसुकल्लिन पदं साठवलेली हार्डडिस्क संगणकाला जोडली. दिवा लागला, पण पडद्यावर तिचं नावच नाही. आई आता नाही, आणि दुसरी प्रतही नव्हती. पोटात गोळाच आला.

धीर धरून आधी मधला हब काढला. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतो, ३.० पोर्ट ९०० पर्यंत. साध्या हबवर ती वाटली जाते आणि फिरत्या डिस्कला अपुरी पडते. मग केबल बदलली, पोर्ट बदलला. तरीही नाही! शेवटी स्टार्टवर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलं. डिस्क तिथं होती. फक्त तिला ड्राइव्हचं अक्षर मिळालेलं नव्हतं. अक्षर दिलं आणि आईचा आवाज घरात घुमला.

एक ध्यानात ठेवा. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं संगणकानं विचारलं आणि आत मोलाचं काही असेल, तर ‘हो’ म्हणू नका. आधी जाणकाराला दाखवा. आणि डिस्क चालते आहे तोवरच दुसरी प्रत काढा. मी त्याच रात्री काढली आणि धारवाडला बहिणीकडे पाठवली.