तीन शेपटांची राणी

अमेरिकी हवाईदलाच्या नोंदवहीत ५४-०१५६ आणि ५४-०१५७ असे लागोपाठचे क्रमांक आहेत. कॅलिफोर्नियातल्या बरबँक गावी लॉकहीड कंपनीच्या कारखान्यातून १९५५च्या सुमारास एकामागोमाग बाहेर पडलेल्या या दोन सख्ख्या बहिणी. दोघींनी लष्कराचं सामान आणि माणसं वाहिली, दोघी निवृत्त झाल्या आणि भंगारात जायची वेळ आली तेव्हा दोघींनाही पदरमोड करणाऱ्या हौशी लोकांनी उचललं. ०१५७ अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातून उठून, प्रशांत महासागर ओलांडून १९९६च्या फेब्रुवारीत सिडनीला पोचली. ०१५६ ला २००४ मध्ये स्वित्झर्लंडच्या मंडळींनी युरोपात नेलं. आज त्यांची नावं वेगळी आहेत, रंग वेगळे आहेत, नोंदणीची अक्षरं वेगळी आहेत. त्या बहिणी आहेत हे लोकांना ठाऊक आहे, कारण जुन्या विमानांचे फोटो आणि कारखान्यातले अनुक्रमांक ताडून पाहण्यात उमर घालवणारी एक जमात जगभर पसरलेली आहे.

पंख्याच्या जुन्या प्रवासी विमानांवर जीव टाकणाऱ्या या जमातीत डकोटाचे भक्त आहेत, व्हायकाउंटचे आहेत, डीसी-६चे आहेत. पण सर्वांत मोठा दरबार भरतो तो लॉकहीड कॉन्स्टेलेशनचा, म्हणजे त्यांच्या लाडक्या ‘कॉनी’चा. माझं मत विचाराल तर हा दरबार योग्य ठिकाणीच भरलाय. इतकं देखणं प्रवासी विमान त्याआधी झालं नव्हतं, आणि नंतरही एक कॉनकॉर्ड सोडलं तर झालं नाही.

१९३९ मध्ये टीडब्ल्यूए या कंपनीचे हॉवर्ड ह्यूज आणि जॅक फ्राय यांनी लॉकहीडकडे अमेरिका एका दमात ओलांडणारं विमान मागितलं. हॉल हिबार्ड आणि केली जॉन्सन यांच्या चमूने ते आखलं, पण मध्ये महायुद्ध आलं आणि ९ जानेवारी १९४३ रोजी कॉनी पहिल्यांदा उडाली ती लष्कराच्या खात्यावर. पुढच्या वर्षी १७ एप्रिलला ह्यूज आणि फ्राय यांनी स्वतः चालवत ती बरबँकहून वॉशिंग्टनला नेली. सात तासांना दोन मिनिटं कमी लागली. ह्यूजने विमानावर टीडब्ल्यूएचे रंग चढवून ते लष्कराच्या हवाली केलं होतं, ही त्याची खास जाहिरातबाजी. परतीच्या वाटेवर राइट फील्डला ऑर्व्हिल राइट विमानात चढले आणि काही मिनिटं त्यांनी सुकाणू हातात घेतलं. ते त्यांचं शेवटचं उड्डाण. १९०३ मध्ये किटी हॉकला त्यांनी केलेलं पहिलं उड्डाण १२० फुटांचं होतं. या विमानाच्या नुसत्या पंखांचा पसारा १२३ फूट होता, आणि ही तुलना खुद्द राइट यांनीच तेव्हा बोलून दाखवली.

कॉनीचं रूप तिच्या अडचणींतून आलं. मोठे पंखे जमिनीला लागू नयेत म्हणून पुढचा पाय उंच करावा लागला. तो फार लांब होऊ नये म्हणून नाक खाली वाकवलं, शेपटाकडची बाजू वर उचलली. परिणामी तिचं अंग नळीसारखं सरळ नाही, सुरमईसारखं पाठीपोटाला वळण घेत जातं. दिसायला सुंदर, कारखान्याला मात्र डोकेदुखी, कारण अंगाचा आडवा छेद जागोजागी बदलतो आणि प्रत्येक कडं निराळ्या मापाचं करावं लागतं. एका उंच शेपटाऐवजी तीन बुटकी शेपटं दिली ती त्या काळच्या हँगरांची दारं उंचीला कमी होती म्हणून. आत हवेचा दाब राखलेला असल्यामुळे ती ढगांच्या वरून जाऊ शकत होती आणि खालच्या वादळात प्रवाशांच्या पोटात कालवाकालव होत नव्हती.

इंजिनं हा तिचा अभिमान आणि तिचाच शाप. राइट कंपनीचं आर-३३५०, नऊ-नऊच्या दोन ओळींत अठरा सिलिंडर, अशी चार इंजिनं. पुढच्या ‘सुपर’ मॉडेलांत एक्झॉस्टच्या गरम वायूंवर फिरणाऱ्या तीन टर्बाइनी प्रत्येक इंजिनाला जोडल्या, त्यांची ताकद परत मुख्य दांड्याला दिली आणि एकेक इंजिन सुमारे ३,२५० अश्वशक्तीवर नेलं. कल्पना नामी होती. पण गुंतागुंत वाढली की बिघाडही वाढतो, आणि वाटेत एखादं इंजिन बंद करून उरलेल्या तिन्हींवर मुक्काम गाठणं इतकं नेहमीचं झालं की वैमानिक कॉनीला ‘जगातलं सर्वोत्तम तीन इंजिनी विमान’ म्हणू लागले. म्हणूनच चालकांच्या कक्षात दोन वैमानिकांच्या पाठीमागे फ्लाइट इंजिनिअर बसायचा. समोरच्या काट्यांवरून इंजिनांचा ताप-खोकला ओळखणं हे त्याचं काम.

आपल्याकडे कॉनी आली ती एअर इंडिया इंटरनॅशनलच्या पहिल्या पावलाबरोबर. टाटांची एअर इंडिया आणि भारत सरकार यांनी मिळून मार्च १९४८ मध्ये ही कंपनी काढली, सरकारचा वाटा ४९ टक्के. ८ जून १९४८ च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाली आणि कैरो, जिनिव्हा करत लंडनला उतरली. कॅप्टन के. आर. गझदर विमान चालवत होते आणि पस्तीस प्रवाशांत जे. आर. डी. टाटा होते, लंडन ऑलिंपिकला निघालेले दोन सायकलपटूही होते. स्वातंत्र्याला वर्षही पुरं झालं नव्हतं. त्या वेळच्या फोटोंत तिची नोंदणीची अक्षरं स्पष्ट वाचता येतात: व्हीटी-सीक्यूपी.

ही अक्षरं फोटोत दिसली की जाणकार क्षणभर थांबतो. हीच मलबार प्रिन्सेस ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाला उतरायच्या बेतात असताना माँ ब्लाँवर आदळली आणि अठ्ठेचाळीस जण गेले. प्रवाशांत बहुतेक खलाशी होते, बोटीवर रुजू व्हायला निघालेले. मदतीला वर चढलेल्या पथकातला रेने पायो हा वाटाड्या हिमकड्यात सापडून मेला. पंधरा वर्षांनी, जानेवारी १९६६ मध्ये, एअर इंडियाचंच ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ त्याच डोंगरावर, जवळपास त्याच जागी कोसळलं आणि त्यात होमी भाभा गेले. हिमनदी आजही दोन्ही विमानांचे अवशेष खाली आणून सोडते. कुठला तुकडा पंख्याच्या विमानाचा आणि कुठला जेटचा, हे सांगायला तिथेही असे हौशी लोकच लागतात.

‘काश्मीर प्रिन्सेस’ची हकिगत मराठी घरांना अधिक जवळची. ११ एप्रिल १९५५ रोजी ती हाँगकाँगहून बांडुंग परिषदेसाठी निघालेल्या चिनी मंडळाला आणि काही पत्रकारांना घेऊन जकार्ताकडे चालली होती. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय त्यात असतील या समजुतीने कोणी तरी हाँगकाँगच्या तळावर चाकांच्या खाचेत बाँब ठेवला होता. चाऊ त्या विमानात बसलेच नव्हते. समुद्रावर स्फोट झाला, आग लागली. धुराने भरलेल्या विमानाचं सुकाणू कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांनी सोडलं नाही आणि ते पाण्यावर उतरवायचा प्रयत्न केला. एकोणीस जणांपैकी सोळा गेले, त्यांत जटार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी होते. वाचले ते सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि देखभाल इंजिनिअर अनंत कर्णिक. या पाचही जणांना अशोक चक्र मिळालं. नागरिकांपैकी हे पदक मिळवणारे ते पहिलेच. कर्णिकांनी पुढे ‘काश्मीर प्रिन्सेस’ याच नावाचं पुस्तक लिहिलं. विमानाच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या माणसाने त्याच विमानाच्या अंताबद्दल लिहावं, हे जगाच्या विमानवाङ्मयातही विरळा.

१९५४ पासून एअर इंडियाकडे लांब अंगाच्या सुपर कॉन्स्टेलेशन आल्या. आधीच्यांना ‘प्रिन्सेस’ म्हणत, या ‘राणी’ झाल्या. ‘रानी ऑफ झांसी’ हे त्यांतलं गाजलेलं नाव. त्यांनी टोकियो आणि सिडनीचे मार्ग उघडले. पण १९५८ मध्ये बोइंग ७०७ प्रवाशांना घेऊन उडू लागलं आणि पंख्यांचा जमाना अक्षरशः काही वर्षांत आटोपला. लॉकहीडने कॉनीची बांधणी थांबवली तीही त्याच वर्षी. एकूण ८५६ झाल्या होत्या. एअर इंडियाने १९६० मध्ये जेट आणली आणि १९६२ मध्ये पंख्यांना पुरता निरोप दिला.

तिथून पुढची गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते, आणि तीच सर्वांत कमी सांगितली जाते. एअर इंडियाच्या राण्या भारतीय हवाईदलात गेल्या. सहाव्या स्क्वाड्रनने पुण्याच्या लोहगावहून त्या उडवल्या, पुढे अरबी समुद्रावर टेहळणीसाठीही. जिथे एके काळी प्रवाशांना जेवण वाढलं जायचं, तिथे बसून माणसं लाटांवर जहाजं शोधू लागली. १९७६च्या नोव्हेंबरात समुद्रावरच्या टेहळणीचं काम नौदलाकडे आलं. पाच सुपर कॉनी गोव्याच्या दाबोळीला गेल्या आणि त्यांच्यासाठी ३१२ क्रमांकाचं नौदल स्क्वाड्रन उभं राहिलं. ऐशीच्या दशकात त्या थांबल्या. त्यांपैकी एक, आयएन ३१५, आज बोगमाळोच्या वाटेवरच्या नौदल विमान संग्रहालयाच्या आवारात उभी आहे. लोक तिच्यासमोर फोटो काढतात आणि समुद्रावर पोहायला जातात. प्रवासी सेवा, हवाईदल, नौदल अशा तीन नोकऱ्या केलेलं दुसरं विमान तिथे शोधून सापडणार नाही.

आता या हौशी लोकांची रीत. विमानाची नोंदणी बदलते, मालक बदलतो, रंग तर दर दोन-चार वर्षांनी बदलतो; बदलत नाही तो कारखान्यातला अनुक्रमांक. म्हणून प्रत्येक विमानाचं चरित्र त्या आकड्याखाली लिहिलं जातं: कधी बाहेर पडलं, कोणी घेतलं, कुठे घसरलं, कुठे भंगारात गेलं. ब्रिटनमधली एअर-ब्रिटन ही संस्था १९४८ पासून अशा याद्या छापते आहे. आकडे नसतील तर फोटोच साक्षीला येतो. खिडक्या गोल असतील तर ती जुनी कॉनी. चौकोनी असतील तर सुपर. पंखांच्या टोकांना टाक्या असतील किंवा नाकात रडार बसवल्यामुळे ते लांबलेलं असेल तर बहुधा शेवटची मॉडेलं. पंख अगदी सरळ आणि १५० फूट लांब असेल तर ती ‘स्टारलाइनर’. अशा फक्त ४४ झाल्या. अंगावर ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ अशी पूर्ण अक्षरं असतील तर चित्र बहुधा १९६२च्या आधीचं, कारण त्या वर्षी नाव आखडलं. आणि काहीच नसेल तर मागे उभ्या असलेल्या मोटारींची मॉडेलं बघायची. कोडाक्रोमवर काढलेल्या स्लाइडचे रंग साठ वर्षांनीही टवटवीत असतात. दुसऱ्या फिल्मवरच्या अनेक गुलाबी पडून बसल्यात. स्लाइडची अदलाबदल हा या लोकांचा जुना व्यवहार, आणि त्यात पैशापेक्षा ‘तुझ्याकडे कराचीची आहे का?’ हा प्रश्न मोठा असतो.

फोटोवर समाधान न मानणारेही आहेत. सिडनीच्या दक्षिणेला अल्बियन पार्कला एचएआरएस ही संस्था ०१५७ सांभाळते. तिच्यावर क्वांटासच्या धाटणीचे रंग आहेत आणि क्वांटासच्या जागी ‘कॉनी’ असं लिहिलंय, कारण ती क्वांटासकडे कधी नव्हतीच. हा प्रामाणिकपणा मला फार भावतो. तिच्या स्विस बहिणीला गंज लागला आणि तिचं उडणं थांबलं. कॅन्सस सिटीत १९८६ मध्ये ‘सेव्ह अ कॉनी’ या नावानेच संस्था निघाली. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एक स्टारलाइनर हॉटेलचा बार होऊन बसलीय. निदान ती भंगारात नाही, एवढंच म्हणतो. आणि लुफ्तान्साने २००७ मध्ये तीन स्टारलाइनर विकत घेऊन त्यांतून एक उडती करायचं ठरवलं, दहा वर्षं कोट्यवधी युरो ओतले आणि २०१८ मध्ये काम थांबवलं. पैसा होता, इंजिनिअर होते, तरी झालं नाही. ऑस्ट्रेलियातल्या हौशी माणसांनी सुट्या काढून वाळवंटात जे केलं, ते करायला निव्वळ चिकाटी लागते आणि हिशेब न करण्याची वृत्ती लागते. कंपनीला ही दुसरी गोष्ट परवडत नाही.

भारतात अशी चिकाटी कमी आहे असं मी म्हणणार नाही, पण आपण जुन्या यंत्राला पूजतो तरी किंवा विकतो तरी. त्याची नोंद ठेवत नाही. आयएन ३१५ समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभी आहे, आणि अ‍ॅल्युमिनियमला खारा वारा मानवत नाही. तिच्यावर छप्पर यावं अशी मागणी नौदलाकडे करायला हरकत नाही.

त्याहून सोपं काम वाचकांच्या हातात आहे. कालिना, सांताक्रूझ, लोहगाव, वास्को इथल्या अनेक घरांत आजोबा किंवा वडील या विमानांवर नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत फोटो, स्लाइड, लॉगबुक, जेवणाची मेनूकार्डं असतील. ती टाकून देऊ नका. माणूस हयात असेल तर त्याच्याजवळ बसा आणि प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने चार गोष्टी लिहून ठेवा: कुठे काढला, कधी काढला, फोटोत कोण आहेत आणि विमानाच्या अंगावर कुठली अक्षरं आहेत. बॉलपेन वापरू नका, त्याची शाई फोटोच्या दर्शनी बाजूला उमटते. मग त्या फोटोंची एक प्रत संग्रहालयाला द्या.