बी विंग अधिक 304

सोसायटीच्या मेंटेनन्स बिलात रकमांची बेरीज हे त्यातल्या त्यात सोपं काम. खरी कटकट फ्लॅट नंबरची. मुलुंडमधल्या एका गृहनिर्माण संस्थेची बिलं मी जीडब्ल्यू-बेसिकमध्ये काढत असे. सेवाशुल्क, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, पार्किंग यांची बेरीज बिनबोभाट व्हायची. गाडी अडायची ती 'बी-' आणि 304 एकत्र लिहिताना.

जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी 1964 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बेसिक ही संगणकभाषा रचली, ती विज्ञान न शिकणाऱ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. जीडब्ल्यू-बेसिक हा तिचाच पुढचा अवतार. त्याचे नियम मोजके, पण पक्के. आकडे एका खात्यात, मजकूर दुसऱ्या. मजकुराच्या खात्याच्या नावाला शेवटी $ चिन्ह. अधिकच्या चिन्हाने दोन आकड्यांची बेरीज होते आणि दोन मजकूर एकापुढे एक लागतात. एक मजकूर नि एक आकडा दिला, की पडद्यावर 'टाइप मिसमॅच' आणि प्रोग्राम जागीच ठप्प.

म्हणून आधी एसटीआर$ वापरून आकड्याचा मजकूर करायचा. पण तो धन आकड्याच्या आधी एक जागा मोकळी सोडतो. ती उणे चिन्हासाठी राखीव असते. छापून येतं 'बी- 304'. रकमेतही तेच. आमचे खजिनदार काका बिल हातात घेताच म्हणाले, "अहो, 850 च्या आधी ही फट ठेवू नका. उद्या कुणी तिथे एक लिहील." आयुष्यभर चेक लिहिलेल्या माणसाची ती नजर होती.

फट काढायला मिड$ होता: दुसऱ्या अक्षरापासून पुढचं घ्यायचं. मात्र ज्या सभासदाने आगाऊ पैसे भरलेत त्याची बाकी उणे असते. तिथे पहिलं अक्षर म्हणजे उणे चिन्हच. ते उडालं, की जमा असलेला माणूस थकबाकीदार ठरतो. म्हणून आकडा शून्यापेक्षा कमी आहे का, हे आधी तपासायचं.

तळमजल्यावरच्या 004 ची आणखी तऱ्हा. आकडा म्हणून ठेवला की उरतो नुसता 4. मग त्याच्या फट काढलेल्या मजकुराआधी तीन शून्यं जोडून राइट$ ने उजवीकडची तीन अक्षरं घ्यायची. हे केलं नाही तर यादीही बिघडते, कारण मजकूर एकेका अक्षराने लावला जातो आणि 2 च्या आधी 10 येतो. मुलुंड पश्चिमेचा पिन कोड 400080 पूर्णांकाच्या खात्यात घातला तर 'ओव्हरफ्लो', कारण तिथली मर्यादा 32767. आठ अंकी फोन नंबर साध्या आकड्याच्या खात्यात गेला तर शेवटचा अंक हरवतो आणि छापताना दहाच्या घातात येतो.

आता बहुतेक सोसायट्यांची बिलं एक्सेलवर किंवा तयार सॉफ्टवेअरवर निघतात. एक्सेलमध्ये '&' चिन्हाने आकडा आणि मजकूर विनातक्रार जुळतात, फटही राहत नाही. पण 004 टाइप करा, तिथेही 4 च दिसेल.

तेव्हा सभासदांची यादी करायला बसणाऱ्या प्रत्येक चिटणिसाला एवढंच सांगणं आहे: रकाना भरण्याआधी विचारा, याची कधी बेरीज करायची आहे का? नसेल, तर तो फ्लॅट नंबर असो, पिन कोड असो की मोबाइल, रकाना आधी 'टेक्स्ट' करा आणि मगच पहिला अंक टाइप करा.