मुका झालेला संगणक

मुलांनो, कोलशेतला राहणारी माझी एक विद्यार्थिनी एके दिवशी रडवेली होऊन शाळेत आली. ती म्हणाली, "सर, आमचा संगणक मुका झाला. आवाज येत नाही, इंटरनेट चालत नाही. उद्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आहे. अब्बू म्हणतात, आता नवाच संगणक घ्यावा लागेल."

आदल्या दिवशी तिच्या भावाने संगणकातील जुने विंडोज पुसून ते नव्याने घातले होते. मग संगणक बिघडला होता का? मुळीच नाही. त्याचा दुभाषी हरवला होता!

ऑपरेटिंग सिस्टिम हा संगणकाचा कारभारी. पडदा, आवाज, वाय-फाय यांची उपकरणे वेगवेगळ्या कंपन्या बनवतात. प्रत्येक उपकरणाची भाषा निराळी. कारभाऱ्याचा हुकूम त्या भाषेत सांगणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. उर्दूत अशा माणसाला आपण तर्जुमान म्हणतो. विंडोज पुसले, की जुने ड्रायव्हरही पुसले जातात. नव्या विंडोजबरोबर बरेच ड्रायव्हर येतात, पण सगळेच येतात असे नाही.

कोणता दुभाषी हरवला, हे कसे ओळखावे? विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' नावाची यादी असते. ती १९९५ साली विंडोज ९५ मध्ये आली. अडलेल्या उपकरणाजवळ तेथे उद्गारचिन्हाची पिवळी खूण दिसते. त्याच्या माहितीत 'कोड २८' असेल, तर ड्रायव्हर बसवलेला नाही असे समजावे. तेथेच 'हार्डवेअर आयडी' मिळतो. त्यात कंपनीचा क्रमांक असतो. उदाहरणार्थ, ८०८६ म्हणजे इंटेल. याच कंपनीच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नावही ८०८६ होते.

आता खरा पेच पाहा. ड्रायव्हर इंटरनेटवर, पण इंटरनेट चालायलाही ड्रायव्हर हवा! जणू पेटीची किल्ली पेटीतच राहिली. आम्ही अब्बूंचा मोबाइल केबलने संगणकाला जोडला व त्याचे इंटरनेट वापरले. कंपनीच्याच संकेतस्थळावरून वाय-फायचा ड्रायव्हर घेतला. बाकीचे विंडोजने स्वतः शोधले. अर्ज वेळेत गेला. नव्या संगणकाचा खर्चही वाचला.

मात्र भावाचे जुने फोटो परत मिळाले नाहीत. मुलांनो, ड्रायव्हर पुन्हा मिळतो. पुसलेला फोटो मिळेलच असे नाही. म्हणून विंडोज पुसण्यापूर्वी आपली कागदपत्रे, फोटो आणि वाय-फायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये जरूर ठेवा.