जुना फोन मोडीत काढू नका



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. दुपारची वेळ होती. मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी आला. आता तो चार एकरांचा शेतकरी आहे. तोंड उतरलेले होते.

“काय रे, काय झालं?” मी विचारले.

“गुरुजी, फोन म्हातारा झाला. ई-पीक पाहणीचं ॲप घेतच नाही. जागा शिल्लक नाही म्हणतो. मुदत दोन दिवसांनी संपते. शेळी विकतो अन् नवा फोन घेतो.”

मी म्हटले, “शेळी राहू दे. आधी फोन दाखव.”

आता ही ई-पीक पाहणी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करीत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात शेतकऱ्याने स्वतः ती नोंद फोनवरून करावी, अशी सोय झाली. शेतात उभे राहायचे, पिकाचा फोटो काढायचा आणि माहिती भरायची. मग ते पीक सातबाऱ्यावर चढते. नोंद राहिली तर नुकसानभरपाई, विमा, सरकारी खरेदी अशा वेळी अडचण येते. म्हणजे फोन अडला तर शेतकरीही अडतो. एवढ्यासाठीच हा पाठ लिहिला आहे.

त्याचा फोन मी हातात घेतला. फोन पाच वर्षांचा होता. काच एका कोपऱ्यात तडकली होती. पण फोन मेला नव्हता. त्याला नुसते अजीर्ण झाले होते!

कोठी आणि ओटा

फोनच्या पोटात दोन प्रकारची जागा असते. एक कोठी आणि दुसरा ओटा.

कोठीला स्टोरेज म्हणतात. धान्याच्या कणगीसारखी ती असते. फोटो, व्हिडिओ, गाणी, ॲप हे सारे तिथे साठते. फोन बंद केला तरी ते तिथेच राहते.

ओट्याला रॅम म्हणतात. बाई स्वयंपाक करते तेव्हा लागेल तेवढेच सामान ओट्यावर घेते. फोनही तसेच करतो. चालू असलेले काम तो रॅमवर मांडतो. फोन बंद केला की ओटा पुसला जातो.

कणगी गळ्यापर्यंत भरली तर नवे पोते कुठे ठेवणार? ओटा भांड्यांनी भरला तर पोळी कुठे लाटणार? फोन अडतो, तापतो, रखडतो, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. कोठीचा दहावा हिस्सा तरी नेहमी मोकळा असावा.

कोठी कशी झाडावी?

त्या शेतकऱ्याच्या फोनात काय निघाले? रोज सकाळी येणारी सुप्रभातची चित्रे. फुले, देव, उगवता सूर्य. एकेक चित्र लहान, पण थेंबे थेंबे तळे साचे. त्याखेरीज लग्नांचे, भाषणांचे आणि विनोदांचे व्हिडिओ. एकच व्हिडिओ चार गटांतून चारदा आलेला! भारतातले फोन सुप्रभातच्या चित्रांनी भरतात, हे गूगल कंपनीच्याही ध्यानात आले होते. तिने डिसेंबर २०१७ मध्ये फोन झाडण्याचे एक ॲप काढले. आज त्याचे नाव ‘फाइल्स’ असे आहे. ते फुकट मिळते. दोनदा आलेले फोटो, मोठे व्हिडिओ, पडून असलेला कचरा ते वेगळा काढून दाखवते. काय टाकायचे ते मात्र आपणच ठरवायचे.

ते ॲप नसले तरी अडत नाही. असे करावे:

१. व्हॉट्सॲप उघडा. सेटिंग्जमध्ये जा. तिथे ‘स्टोरेज आणि डेटा’ असे लिहिलेले असते. त्यात कोणत्या गटाने किती जागा खाल्ली ते दिसते. नको ते पुसा.

२. त्याच पानावर फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची खूण असते. ती काढून टाका. मग जे पाहायचे तेवढेच बोट लावून उतरवा. जागाही वाचते, नेटही वाचते.

३. वापरात नसलेली ॲप काढा. काही ॲप कंपनीनेच घातलेली असतात आणि ती निघत नाहीत. ती निदान ‘बंद’ करता येतात.

४. आठवड्यातून एकदा फोन पुरता बंद करून पुन्हा चालू करा. ओटा स्वच्छ होतो.

पुसण्याआधी एक सावधगिरी. लेकीच्या लग्नाचे, गेलेल्या माणसांचे फोटो आधी दुसरीकडे ठेवा. दुसऱ्या फोनात, मेमरी कार्डात किंवा संगणकात ठेवले तरी चालेल. पुसलेले परत मिळेलच, असे नाही.

तासाभरात आमच्या शेतकऱ्याच्या फोनात भरपूर जागा झाली. ॲप उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कपाशीत उभा राहिला आणि नोंद करून आला.

हलकी ॲप वापरावीत

म्हाताऱ्या बैलाला जड गाडी जोडीत नाहीत. जुन्या फोनावरही जड ॲप लादू नयेत. काही कंपन्यांनी आपल्या ॲपचे हलके रूप काढले आहे. ‘फेसबुक लाइट’ हे २०१५ साली निघाले. ते कमी जागा घेते आणि मंद नेटवरही चालते. पण सगळी हलकी ॲप कायम टिकत नाहीत. ‘यूट्यूब गो’ नावाचे असेच ॲप होते, ते २०२२ साली बंद झाले. अशा वेळी दुसरी युक्ती आहे. ॲप न घेता क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये तीच वेबसाइट उघडावी. पुष्कळशी कामे तशीच होतात.

बॅटरीची निगा

फोनमधली बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. जपानमध्ये १९९१ साली ती पहिल्यांदा विक्रीला आली. तिचा पाया घालणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या बॅटरीत लिथियमचे सूक्ष्म कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात. चार्जिंग करताना ते परत येतात. दर खेपेला थोडे कण अडकून पडतात. म्हणून बॅटरी हळूहळू थकते. साधारण पाचशे वेळा पुरती भरली आणि पुरती रिकामी झाली, की तिची ताकद पाचव्या हिश्शाने कमी होते. हे टळत नाही, पण लांबवता येते.

उष्णता ही बॅटरीची वैरीण आहे. आपल्या जालना जिल्ह्याचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहे. फोन ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवू नका. बांधावर उन्हात टाकू नका. उशीखाली ठेवून चार्जिंग करू नका. बॅटरी अगदी शून्यावर जाऊ देऊ नका. वीस टक्क्यांवर आली की लावा आणि ऐंशीच्या आसपास काढा. रोज जमले नाही तरी जमेल तेव्हा करा. पडद्याचा उजेड कमी ठेवला तर बॅटरी जास्त वेळ पुरते.

बॅटरी फुगली, फोनची पाठ वर आली, तर मात्र थांबा. तो फोन चार्जिंगला लावू नका. ती बॅटरी टोचू नका, दाबू नका, चुलीत टाकू नका. ती पेट घेऊ शकते. चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन बदलून घ्या. नव्या फोनपेक्षा नवी बॅटरी पुष्कळ स्वस्त पडते.

आणखी एक गंमत सांगतो. माझाच फोन एकदा चार्ज होईना. बॅटरी गेली असे समजून मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “आतला भाग बदलावा लागेल.” मी घरी परतलो. नातीने फोन बंद केला आणि दात कोरायच्या लाकडी काडीने चार्जिंगचे भोक हलकेच साफ केले. खिशातला कापूस आणि माती निघाली. फोन चार्ज होऊ लागला! मात्र तिथे सुई किंवा ओले फडके घालू नये.

पैशांचे काम जुन्या फोनवर करावे का?

इथे खरे बोलले पाहिजे. फोन जुना झाला की कंपनी त्याला नवे संरक्षण देणे थांबवते. घराचे कुलूप जुने राहते आणि चोरांच्या किल्ल्या नव्या होतात. सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती तारीख फार मागची असेल आणि नवे अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर बँकेचे आणि पैसे पाठवण्याचे व्यवहार न करणे बरे. घरात जो त्यातल्या त्यात नवा फोन असेल, त्यावर ते करावेत.

व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘किसान योजना’ अशा नावाची फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असे इंग्रजी अक्षर असते. तिला बोटसुद्धा लावू नका. ती पत्रिका नव्हे, ते चोराचे ॲप असते. ॲप घ्यायचे ते प्ले स्टोअरमधूनच घ्या. फसवणूक झालीच तर लाज धरू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

सगळे करूनही फोन रखडला तर?

मग फोन कोरा करता येतो. त्याला रीसेट म्हणतात. फोन पहिल्या दिवशी होता तसा होतो. पण त्यातले सारे पुसले जाते. म्हणून फोटो आणि नंबर आधी दुसरीकडे ठेवा. आपल्या गूगल खात्याचा पासवर्ड वहीत लिहून ती वही जपून ठेवा. तो आठवला नाही, तर फोन तुम्हांलाही आत घेणार नाही.

काही जाणती मुले जुन्या फोनावर ‘लिनिएज ओएस’ सारखी नवी प्रणाली घालतात. तिने काही जुन्या फोनांना पुन्हा नवे अपडेट मिळते. पण ती प्रत्येक फोनला लागू पडत नाही. माहितगार माणूस नसेल तर त्यात हात घालू नये. फोन कायमचा मरू शकतो.

निवृत्त फोनलाही काम द्या

मी निवृत्त झालो, पण घरच्यांनी मला मोडीत काढले नाही! फोनचेही तसेच करावे.

सिम नसलेला जुना फोन घरातले ग्रंथालय होऊ शकतो. ‘किविक्स’ नावाचे एक फुकट ॲप आहे. ज्याच्या घरी किंवा शाळेत चांगले नेट आहे, त्याच्याकडे जाऊन त्यावर मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून घ्यावा. हा मराठी ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. पुढे नेट नसले तरी तो वाचता येतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या मुलांनाही कोपीत बसून तो वाचता येईल.

ज्यांची नजर मंद झाली आहे, त्यांनी सेटिंग्जमध्ये अक्षरे मोठी करावीत. ज्यांना अजून लिहिणे जड जाते, त्यांनी कीबोर्डवरचे माइकचे चित्र दाबून मराठीत बोलावे. फोन लिहून देतो. मग ते स्वतः वाचून पाहावे. वाचनाचा सरावही होतो.

शेतावर नेण्याच्या फोनमध्ये ‘दामिनी’ हे ॲप जरूर ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ते तयार केले आहे. जवळपास वीज पडण्याचा धोका असला तर ते इशारा देते. त्यासाठी नेट आणि लोकेशन चालू हवे. इशारा आला की झाडाखाली उभे राहू नका. पक्क्या घरात जा. कोठीत दामिनीपुरती जागा मोकळी ठेवणे म्हणजे जिवाची काळजी घेणे आहे.

आणि फोन खरोखरच मेला, तर तो उकिरड्यावर फेकू नका. जाळू तर नकाच. त्यातली विषारी द्रव्ये मातीत आणि पाण्यात उतरतात. जुन्या विजेच्या वस्तू घेणाऱ्या अधिकृत केंद्रात तो द्यावा.

मंडळी, नवा फोन घेऊच नका, असे माझे म्हणणे नाही. गरज असेल आणि पैसा असेल तर जरूर घ्या. पण कणगी झाडायचा कंटाळा म्हणून शेळी विकू नका. तो शेतकरी परवा भेटला. फोन अजून तोच आहे. शेळीला दोन करडे झाली आहेत.

आज घरी गेल्यावर एवढे करा

१. फोनची कोठी किती भरली आहे, ते पाहा आणि वहीत लिहा.
२. सुप्रभातची चित्रे पुसा. पुन्हा आकडा पाहा.
३. गूगल खात्याचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा. वही कोणाला देऊ नका.
४. शेजारच्या एका मावशीला किंवा काकांना हा पाठ वाचून दाखवा आणि त्यांचाही फोन झाडून द्या.