फ्रेंचमधली पद्मावती आणि व्हर्दीचा ‘डॉन कार्लोस’

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या संजय लीला भन्साळींचा ‘पद्मावत’ २०१८ साली आला. त्याच्या दहा वर्षं आधी त्यांनी पॅरिसच्या शातले थिएटरात चितोडच्या याच पद्मावती राणीवरचा ऑपेरा बसवला होता, तोही फ्रेंचमध्ये! आल्बेर रुसेल या संगीतकाराने १९०९च्या भारतभेटीत चितोडचे अवशेष पाहिले होते. त्यातून सुचलेला हा ऑपेरा १९२३मध्ये रंगमंचावर आला.

ऑपेरा फक्त इटालियनमध्येच असतो असं नाही.

त्याच शातलेत १९९६मध्ये चित्रित झालेला ‘डॉन कार्लोस’ आवर्जून पाहावा. त्याचा संगीतकार व्हर्दी इटालियन, पण हे काम पॅरिस ऑपेराने सांगितलेलं. म्हणून १८६७चा मूळ प्रयोग फ्रेंच आणि पाच अंकी. १८८४मध्ये मिलानला इटालियनमध्ये चार अंकी रूप आलं, तेव्हा फाँतेनब्लोचा पहिला अंक गळला. नायक कार्लोस आणि नायिका एलिझाबेथ प्रेमात पडतात ते नेमके तिथेच! तो अंक नसला, तर पुढची तडफड अर्धीच पोहोचते. शातलेच्या चित्रणात तो आहे, आणि रोबेर्तो आलान्या व कारिता मात्तिला जीव ओतून गातात.

नाट्यसंगीतावर वाढलेल्या कानांनी उपशीर्षकं लावून पहिला अंक तरी ऐकावा.